बंदुकीवर नंबर कशासाठी?

८ ऑक्टोबर २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ऑम्लेटवर चर्चा झाली. न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांनी सरकारी वकिलांना विचारले, ओट्यावर अंडी, चिरलेला कांदा, ढोबळी मिरची आणि मांसाचे तुकडे मांडून ठेवले, तर त्याला ऑम्लेट म्हणायचे काय? सरकारच्या वकील एलिझाबेथ प्रिलोगर म्हणाल्या, नाही, कारण या जिनसांचे इतरही उपयोग आहेत. लगेच न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी पुढचा प्रश्न टाकला. एकाच पदार्थाचे सर्व सामान मोजूनमापून एका खोक्यात भरून कंपनीने घरपोच पाठवले, तर? सरकारी वकील म्हणाल्या, आपल्या प्रकरणाला हीच तुलना लागू पडते.

वरवर पाहता ही गंमत वाटेल. पण त्या दिवशी न्यायालयापुढे प्रश्न होता बंदुकीचा. घरी जोडायच्या बंदुकीचे सुटे भाग एका खोक्यात विकले, तर ती विक्री लोखंडाच्या आणि प्लास्टिकच्या तुकड्यांची की बंदुकीची? तुकड्यांची म्हटली तर विकत घेणाऱ्याची चौकशी नाही, नोंद नाही, नंबर नाही. बंदुकीची म्हटली तर हे तिन्ही आले.

आमच्या वाचकांना व्याख्येची ताकद नव्याने सांगायला नको. अॅट्रॉसिटी कायद्यात जातिवाचक अपमान ‘लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी’ झाला पाहिजे, एवढ्याशा शब्दांवर किती प्रकरणे कोसळली, हे कोर्टाची पायरी चढलेला कोणताही कार्यकर्ता सांगेल. कायदा कोणाच्या बाजूने उभा राहणार, हे पुष्कळदा कलमाच्या शिक्षेत नव्हे, तर व्याख्येत ठरते. म्हणून हे अमेरिकन प्रकरण आपणही नीट समजून घेतले पाहिजे.

प्रथम त्या छंदिष्टांची बाजू प्रामाणिकपणे पाहू. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी घरी बंदूक बनवणे हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा नाही. दुसऱ्यांच्या बंदुका पैसे घेऊन दुरुस्त करणे किंवा बनवून विकणे हा धंदा झाला, त्याला परवाना लागतो. पण आजोबांची गंजलेली शिकारीची बंदूक साफसूफ करणे, लाकडी दस्ता नव्याने बसवणे, एखादा भाग स्वतः घडवणे, हे हजारो लोकांचे सुट्टीच्या दिवसाचे काम आहे. त्यासाठी माणूस गॅरेजमध्ये छोटे लेथ किंवा मिलिंग मशीन बसवतो, व्हर्नियरने मोजायला शिकतो, पहिले दहा जॉब बिघडवतो आणि अकराव्याला कुठे माप जुळते. आपल्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा मुलगा सुरुवातीचे कित्येक दिवस नुसती कानस घासतो आणि लोखंडाचा एक तुकडा काटकोनात आणण्यासाठी घाम गाळतो. जात हाताला आली ती याच संयमातून. शिकलेल्या हाताचा हा अभिमान मला परका नाही. ज्या समाजाला गिरणीच्या विणखात्यात शिवाशिवीमुळे शिरकाव नव्हता, त्याने हातातल्या कौशल्याला कधीही कमी लेखू नये.

परंतु प्रश्न कौशल्याचा राहिला नाही, ही खरी गोष्ट आहे. बाजारात आलेल्या संचांनी कौशल्याची गरजच काढून टाकली. न्यायालयापुढे ज्या ‘बाय, बिल्ड, शूट’ नावाच्या संचाची चर्चा झाली, त्याचे नावच सांगते की घ्या, जोडा आणि झाडा. निकालपत्रात नमूद आहे की असे काम पूर्वी न केलेल्या माणसाने साध्या हत्यारांनी ते सुमारे २१ मिनिटांत पुरे केले. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी सुनावणीत नेमके याच जागी बोट ठेवले. सुट्टीच्या दिवशी जुनी मोटार दुरुस्त करण्यात जे समाधान आहे, ते एक-दोन भोके पाडण्यात कसे मिळणार, असा त्यांचा आशय होता. २१ मिनिटांत कोणी कारागीर होत नाही. त्याला ग्राहक म्हणतात.

आता कायद्यातील फट कोठे होती ते पाहू. अमेरिकेचा १९६८ चा बंदूक नियंत्रण कायदा म्हणतो की ‘फायरआर्म’ म्हणजे स्फोटाच्या जोरावर गोळी फेकणारे किंवा सहज तसे करता येणारे शस्त्र, आणि अशा शस्त्राची ‘फ्रेम’ किंवा ‘रिसीव्हर’, म्हणजे ज्यात बाकीचे भाग बसतात तो मुख्य सांगाडा. नळी, दस्ता, स्प्रिंगा हे बाकीचे भाग एकेकटे विकले तर कायद्याच्या दृष्टीने बंदूक नव्हेत. सांगाडा मात्र एकटा असला तरी बंदूक. त्यावर उत्पादकाने नंबर टाकायचा, दुकानदाराने नोंद ठेवायची, आणि १९९३ च्या ब्रॅडी कायद्यानंतर घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासायची.

यावर व्यापाऱ्यांनी सोपी युक्ती काढली. सांगाडा पुरा करायचाच नाही. थोडे काम बाकी ठेवायचे, आणि विकताना म्हणायचे की हा सांगाडा नाही, नुसता तुकडा आहे. याला बाजारात ‘८० टक्के’ असे नाव पडले. कायद्यात ‘८० टक्के’ असा शब्द कोठेही नाही, तो विक्रेत्यांचा शब्द. त्यात भर म्हणजे नियमातील सांगाड्याची जुनी व्याख्या असे धरून चालली होती की मुख्य यंत्रणा एकाच भागात असते. अमेरिकेत सर्वाधिक चर्चेत असलेल्या एआर-१५ रायफलीत ती दोन भागांत विभागलेली आहे. त्यामुळे २०१६ ते २०१९ या काळात कॅलिफोर्निया व ओहायोतील फेडरल न्यायाधीशांनी असे मत दिले की या रायफलीचा खालचा भाग व्याख्येत बसतच नाही. व्याख्या जुनी, यंत्र नवे आणि मधल्या फटीत धंदा, असा हा प्रकार.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०१७ साली तेथील पोलिसांनी माग काढण्यासाठी केंद्राकडे पाठवलेल्या बिननंबरी बंदुका सुमारे १,६०० होत्या. २०२१ मध्ये हाच आकडा १९,००० च्या वर गेला. तेथे यांना ‘घोस्ट गन’, म्हणजे भुताची बंदूक म्हणतात. गोळी झाडली जाते, माणूस मरतो, बंदूक सापडते, पण ती कोणाची हे कळत नाही. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियातील सांता क्लॅरिटा येथील सॉगस हायस्कूलमध्ये १६ वर्षांच्या मुलाने दोन विद्यार्थ्यांना ठार केले, तिघांना जखमी केले आणि स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्याच्या हातात सुट्या भागांच्या संचातून जोडलेले, नंबर नसलेले पिस्तूल होते. परवानाधारक दुकानदार २१ वर्षांखालील व्यक्तीला पिस्तूल विकू शकत नाही. पण जे पिस्तूलच नाही, त्याच्या विक्रीला वय कसले?

एप्रिल २०२२ मध्ये बायडेन सरकारने नियम बदलला व तो २४ ऑगस्ट २०२२ पासून लागू झाला. नियमाचा गाभा असा की जो संच सहज बंदुकीत बदलता येतो तो संच म्हणजे बंदूकच, आणि जो अर्धवट सांगाडा सहज पुरा करता येतो तो सांगाडाच. परवानाधारक दुकानदाराकडे वा कारागिराकडे घरी बनवलेली बिननंबरी बंदूक साठ्यात आली तर त्यानेही तिच्यावर नंबर टाकायचा. विक्रीच्या नोंदी पूर्वी २० वर्षांनंतर नष्ट करता येत. आता धंदा चालू असेपर्यंत त्या ठेवायच्या. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. या नियमाने घरी बंदूक बनवण्यावर बंदी घातली नाही. छंदिष्टाचे लेथ कोणी जप्त केले नाही. फक्त विकणाऱ्याला सांगितले की नंबर टाक, नोंद ठेव, घेणारा कोण आहे ते तपास.

एवढ्यावरही प्रकरण न्यायालयात गेले. टेक्सासच्या फेडरल न्यायाधीशाने २०२३ मध्ये नियम रद्द केला. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी त्या आदेशाला स्थगिती दिली. नोव्हेंबरमध्ये अपील न्यायालयाने पुन्हा नियमाविरुद्ध कौल दिला. अखेर २६ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी नियम कायम ठेवला. निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती नील गोर्सच यांनी, ज्यांना कोणी बंदूकविरोधी म्हणणार नाही. त्यांनी भाषेचाच आधार घेतला. लेखिका अपुरी कादंबरी मित्राला वाचायला देते तेव्हाही ती तिला कादंबरीच म्हणते. दुकानातून खोक्यात आणलेल्या, अजून न जोडलेल्या टेबलाला आपण टेबलच म्हणतो. त्याचप्रमाणे काही संच तरी निश्चितच बंदूक आहेत, म्हणून सरसकट सगळा नियम बेकायदा ठरवता येत नाही. विरोधात न्यायमूर्ती थॉमस व अलिटो होते. थॉमस यांचे म्हणणे असे की कायद्याने जे शब्द वापरले नाहीत ते प्रशासनाने घुसडू नयेत.

थॉमस यांचा आक्षेप अगदीच फेकून देण्यासारखा नाही. व्याख्या ताणण्याचा अधिकार आज चांगल्या कामासाठी वापरला, तर उद्या वाईटासाठीही वापरता येतो, हे आपण ‘बेकायदा कृत्ये’ या शब्दांच्या बाबतीत अनुभवत आहोत. खरा मार्ग संसदेने कायदाच दुरुस्त करण्याचा होता. तो न झाल्याने सगळे एका नियमावर लटकले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी मागील सरकारच्या बंदुकविषयक नियमांची फेरतपासणी करण्याचा आदेश दिला. एक नियम न्यायालयात टिकला म्हणजे तो कायमचा टिकला असे नव्हे.

आता त्या प्रश्नाकडे वळू, जो आपल्या चळवळीतील तरुण मला विचारतील. शस्त्रांवरील नियंत्रण हे नेहमी गरिबांना आणि दलितांनाच निःशस्त्र करण्यासाठी असते ना? अमेरिकेचा इतिहास पाहिला तर या शंकेत तथ्य आहे. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालात सरन्यायाधीश टॅनी यांनी काळ्यांना नागरिकत्व नाकारताना जे धोके मोजून दाखवले, त्यांत एक असा होता की नागरिक झाले तर ते शस्त्र बाळगतील. गुलामगिरी संपल्यावर १८६५ मध्ये मिसिसिपीने काळ्यांना परवान्याशिवाय बंदूक बाळगण्यास मनाई केली. १९५६ मध्ये घरावर बॉम्ब पडल्यावर मार्टिन ल्यूथर किंग यांनी अलाबामात शस्त्र परवाना मागितला, तो नाकारण्यात आला. १९६७ मध्ये ब्लॅक पँथरचे कार्यकर्ते कायद्याच्या चौकटीत उघडपणे बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवू लागले, तेव्हा कॅलिफोर्नियाने घाईने कायदा केला आणि गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्यावर सही केली. ज्या ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्यांचा हा इतिहास आपण विसरू शकत नाही.

पण याच इतिहासाची दुसरी बाजू पाहा. ४ एप्रिल १९६८ रोजी मेंफिस येथे किंग यांची हत्या झाली. मारेकरी पळताना रायफल जवळच टाकून गेला. तिच्यावर नंबर होता. त्या नंबरवरून तपास अलाबामातील बर्मिंगहॅमच्या एका दुकानापर्यंत गेला. खरेदीदाराने खोटे नाव दिले होते, पण बोटांचे ठसे खोटे नव्हते. जेम्स अर्ल रे सुमारे दोन महिन्यांनी लंडनच्या विमानतळावर पकडला गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो कायदा झाला, ज्याने उत्पादकांना प्रत्येक बंदुकीवर नंबर टाकणे सक्तीचे केले. विचार करा, ती रायफल बिननंबरी असती तर? नंबर हा मेलेल्या माणसाचा साक्षीदार असतो. तो लाच घेत नाही, फितूर होत नाही आणि गाव सोडून पळतही नाही.

मिसिसिपीच्या कायद्यात आणि नंबराच्या नियमात जो फरक आहे, तो हाच. पहिला कायदा माणूस पाहून हत्यार काढून घेतो. दुसरा सर्वांना सारखा लागू होतो आणि हत्याराला मालकाशी बांधून ठेवतो. पहिल्याला आपला विरोध आहे. दुसऱ्याचा फायदा सर्वांत जास्त कोणाला, तर ज्याच्यावर गोळी झाडली जाते त्याला.

आपल्या देशातही दोन्ही प्रकार झाले आहेत. १८७८ च्या ब्रिटिश शस्त्र कायद्याने भारतीयांना परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना सूट दिली. त्याच्याही कितीतरी आधी चातुर्वर्ण्याने बहुजनांच्या हातून शस्त्र काढून घेतले होते. या देशात सामाजिक क्रांती का झाली नाही, याचे एक कारण म्हणून बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या ग्रंथात हेच दाखवले. अशा बाबासाहेबांपुढे डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हरि विष्णू कामत यांची दुरुस्ती आली की शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क करावा. बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. प्रत्येकाने बाजारात जाऊन, राज्याची कसलीही आडकाठी नसताना, मारक हत्यारे खरेदी करायची म्हटली तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांचा आशय होता. शस्त्रबंदीचा जाच ज्यांनी सर्वांत खोलवर अभ्यासला, त्यांनीच हा निर्णय घेतला. कारण मोकळ्या बाजारात हत्यार कोणाच्या हाती आधी पडते, हे त्यांना माहीत होते.

म्हणूनच आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात अमेरिकेसारखी फट नाही. त्याच्या व्याख्येत शस्त्रांचे सुटे भाग आणि शस्त्रे बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बनवता येत नाही, दुरुस्तही करता येत नाही. कलम ८ प्रमाणे ओळखचिन्ह खोडता येत नाही आणि बिनचिन्हाची बंदूक विकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा निर्मितीची शिक्षा किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी केली. तरीही जळगाव-धुळ्याच्या पोलीस बातम्यांत मध्य प्रदेशच्या सीमेवरील उमर्टीहून आलेला गावठी कट्टा सापडतोच. त्यात कट्टा घडवणारा हात पकडला जातो. तो विकत घेणारा, वापरणारा आणि पोसणारा मात्र कितीदा पकडला जातो? जे कौशल्य अमेरिकेच्या गॅरेजमध्ये छंद म्हणून मिरवते, तेच येथे भट्टीपुढे बसलेल्या गरीब कारागिराला तुरुंगात नेते. त्याच्या मुलाच्या हाती लेथ आणि आयटीआयचे प्रमाणपत्र द्यायचे कोणी, हा प्रश्न शिक्षेचे कलम वाढवून सुटत नाही.

बिनमागाच्या गोळीची किंमत आपण मोजलेली आहे. १ डिसेंबर १९९७ च्या रात्री बिहारमधील लक्ष्मणपूर बाथे येथे रणवीर सेनेने ५८ दलितांची हत्या केली. खालच्या न्यायालयाने दोषी ठरवलेल्या २६ जणांना पाटणा उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये निर्दोष सोडले. ५८ मृतदेह होते. शिक्षेस पात्र असा एकही माणूस उरला नाही.

अशाच गावांसाठी १९९५ च्या अॅट्रॉसिटी नियमांत नियम ३ आहे, पण तो आपल्या कार्यकर्त्यांनाही फारसा ठाऊक नाही. अत्याचारप्रवण क्षेत्रात राज्य सरकारने गरज भासल्यास बिगर दलित-आदिवासींचे शस्त्र परवाने रद्द करावेत, बेकायदा बंदुका जप्त कराव्यात, त्यांची बेकायदा निर्मिती रोखावी, आणि जीविताच्या रक्षणासाठी आवश्यक वाटल्यास दलित-आदिवासींना शस्त्र परवाने द्यावेत, असे हा नियम सांगतो. म्हणजे आपल्या कायद्याने दोन्ही गोष्टी ओळखल्या आहेत. अत्याचारी माणसाच्या हातचे बिननंबरी हत्यार काढून घ्यायचे आणि पीडिताला गरज असेल तेव्हा नोंदीतले हत्यार द्यायचे.

तेव्हा आपल्या जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी आणि वकिलांनी एक साधे काम करावे. माहितीच्या अधिकाराखाली जिल्हाधिकाऱ्यांना विचारावे की आपल्या जिल्ह्यात अत्याचारप्रवण गावे कोणती, नियम ३ खाली आजवर किती परवाने रद्द झाले, किती बेकायदा हत्यारे जप्त झाली आणि किती पीडितांना परवाने मिळाले. उत्तर शून्य आले तर तोच आकडा घेऊन पुढच्या दक्षता समितीच्या बैठकीत उभे राहावे. अमेरिकेत एका नंबरासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढाई झाली. आपल्याकडे नंबर १९५९ पासून कायद्यात आहे आणि नियम १९९५ पासून. त्यांची अंमलबजावणी मागण्यासाठी आपण निदान एक अर्ज तरी लिहू.